खबीब नुर्मागोमेदोव : चीतपट झाल्यानंतर सुरू होणारी कुस्ती

मांजराकाठ (लातूर)

आपल्याकडे एमएमएचा, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती सर्व चालणाऱ्या मिश्र युद्धकलेचा विषय निघाला की बोलणे बहुधा रक्त, पिंजरा आणि आयरिश लढवय्या कॉनर मॅक्ग्रेगरचा तोंडाळपणा यांपाशीच घुटमळते. मला या धाग्यात त्याच मॅक्ग्रेगरला हरवणाऱ्या खबीब नुर्मागोमेदोवविषयी लिहायचे आहे. २९ लढती, २९ विजय आणि एकही पराभव नाही, अशी कारकीर्द करून वयाच्या ३२व्या वर्षी निवृत्त झालेला हा माणूस मुळात कुस्तीगीर आहे, वडिलांच्या तालमीत घडलेला आहे, आणि त्याची लढत पाहताना आपल्या तालमीत वाढलेल्या कोणालाही निम्मे डाव ओळखीचे वाटतात. उरलेले निम्मे मात्र आपल्याकडे कोणी शिकवत नाही, आणि या धाग्याचे कारणही तेच आहे.

खबीबचा जन्म २० सप्टेंबर १९८८ रोजी रशियातील दागेस्तानच्या डोंगराळ भागात, सिल्दी नावाच्या खेड्यात झाला. वडील अब्दुलमनाप हे स्वतः कुस्ती आणि साम्बो (रशियातला कुस्ती-ज्युडोसारखा झुंजीचा प्रकार) जाणणारे; राहत्या घराच्या खालच्या मजल्यावरच त्यांनी तालीम काढली होती आणि गावातली मुले तिथे येऊन झुंजत असत. खबीबने लहानपणी कुस्ती, पंधराव्या वर्षी ज्युडो आणि सतराव्या वर्षी साम्बो धरला. नऊ वर्षांचा खबीब अस्वलाच्या पिल्लाशी झोंबतो आहे, ही चित्रफीत सर्वांनी पाहिली असेलच. साखळीने बांधलेल्या त्या पिल्लाशी झुंजण्यात पराक्रम तो कोणता, हे मला अजून उमगलेले नाही. पण त्याच्या चाहत्यांना तीच गोष्ट आधी आठवते. २००८ मध्ये तो व्यावसायिक लढतींत उतरला आणि जानेवारी २०१२ मध्ये यूएफसी या एमएमएच्या लढती भरवणाऱ्या बड्या अमेरिकन संस्थेत दाखल झाला, तेव्हा त्याच्या खात्यात १६ विजय होते.

आता मूळ मुद्दा. आपल्या मातीतल्या कुस्तीत समोरच्याची पाठ लागली की निकाल झाला, हलगी वाजली, इनाम हातात पडले. खबीबचे काम तिथून सुरू होते. मे २०१३ मध्ये एबेल ट्रुहियोविरुद्ध त्याने तीन फेऱ्यांत २१ वेळा पट काढून गडी खाली आणला, आणि यूएफसीतला तो विक्रम ठरला. पण माझे मत विचाराल तर त्या आकड्यात कौतुकाइतकीच उणीव आहे, कारण २१ वेळा पाडावे लागले याचाच अर्थ समोरचा तितक्यांदा उठत होता. पुढच्या पाच वर्षांत त्याने जे कमावले ते पाडण्यात नव्हे, तर उठू न देण्यात.

ते नीट पाहायचे असेल तर ६ ऑक्टोबर २०१८ रोजी लास व्हेगासमध्ये झालेल्या मॅक्ग्रेगरविरुद्धच्या लढतीची पहिली फेरी पाहावी. सुरुवातीलाच खबीब पायात शिरतो, पहिल्या झटक्याला यश येत नाही, तरी धरलेला पाय सोडत नाही आणि समोरच्याला जाळीला टेकवून खाली बसवतो. मग स्वतःच्या पायांनी त्याच्या दोन्ही पायांना विळखा घालतो, म्हणजे कंबर उचलायला जागाच राहत नाही. छातीचा भार वर टाकतो, आणि टेकू द्यायला गेलेल्या हाताचे मनगट पकडून तो हात निकामी करतो. खालच्याने उठण्यासाठी हात टेकवला तर तोंड उघडे पडते, आणि तोंड झाकले तर उठता येत नाही. आपल्याकडची सवारी आणि कब्जा ज्याने घोटला आहे, त्याला यात नवे काही दिसणार नाही, मात्र वरच्याचा एक हात ठोसे मारायला मोकळा आहे, एवढा फरक आहे. दुसऱ्या फेरीत त्याने उजव्या हाताच्या ठोशाने मॅक्ग्रेगरला खाली बसवले, तिसरी फेरी पंचांच्या गुणपत्रिकेवर गमावली, आणि चौथ्या फेरीत पाठीवर जाऊन मान अशी पिळली की मॅक्ग्रेगरने हार कबूल केल्याची थाप दिली.

त्यानंतर जाळीवरून उडी मारून तो मॅक्ग्रेगरच्या साथीदारांवर धावून गेला. त्या वर्षी एप्रिलमध्ये ब्रुकलिनला खबीब बसलेल्या बसवर मॅक्ग्रेगरने हल्ला केला होता आणि देश, धर्म, वडील यांवरून बोलणे झाले होते, हे खरे. तरीही जिंकलेल्या मल्लाने आखाड्याबाहेर हात उचलणे मला मान्य नाही, आणि नेवाडाच्या क्रीडा आयोगानेही पाच लाख डॉलर दंड व नऊ महिन्यांची बंदी घालून ते मान्य नसल्याचे दाखवून दिले.

बाकीचा प्रवास थोडक्यात सांगतो. २०१४ ते २०१६ अशी दोन वर्षे दुखापतींत गेली. त्याच गटातल्या टोनी फर्ग्युसन या अमेरिकन लढवय्याशी लढत पाच वेळा ठरली आणि पाचही वेळा मोडली. ७ एप्रिल २०१८ रोजी ७०.३ किलो गटाचे विजेतेपद मिळाले. जुलै २०२० मध्ये कोरोनानंतरच्या गुंतागुंतीत वडील गेले, आणि २४ ऑक्टोबर २०२० रोजी अबू धाबीत जस्टिन गेथजीला हरवल्यावर, वडिलांशिवाय लढणार नाही असा शब्द आईला दिला आहे, असे सांगून त्याने हातमोजे पिंजऱ्यातच काढून ठेवले.

माझा प्रश्न असा : मराठवाड्यातल्या तालमीतला मल्ल या वाटेने जाऊ शकतो का, आणि जायचे झाल्यास त्याला काय नव्याने शिकावे लागेल? रितू फोगटसारखी कसलेली कुस्तीगीर डिसेंबर २०२१ मध्ये सिंगापूरला स्टॅम्प फेअरटेक्सविरुद्ध अंतिम लढत हरली, ती हाताला आडी बसून, म्हणजे कोपर उलटे वळवले गेल्यामुळे. आणि स्टॅम्प तर मूळची मुए थाईची, म्हणजे उभ्याने लढणारी. हे कसे घडते, यावर जाणकारांनी लिहावे.

बिंदुसरा (बीड)

मांजराकाठ सर, आपण लेख मनापासून लिहिला आहे. माझी तालीम लहान आहे, परंतु या विषयावर बोलण्याइतकी माती अंगाला लागलेली आहे.

आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मातीच्या नियमातच आहे. आमचे पोर संकटात सापडले की पहिली गोष्ट काय करते? पोटावर पडते, हातपाय फाकवते, हनुवटी छातीशी घेते आणि जमिनीला चिकटून राहते. वरचा घिस्सा लावो, घुटना ठेवो, लंगोट धरून उचलायला बघो, खालचा दहा मिनिटे तसाच पडून राहू शकतो, आणि पाठ लागत नाही तोवर तो हरलेला नसतो. हे आम्ही लहानपणापासून अंगात मुरवतो. खबीबच्या खेळात हेच पोटावर पडणे जीवघेणे आहे, कारण पाठ दिली की हात थेट गळ्याखाली जातो. आमच्याकडे गळा आवळायला मनाई असल्यामुळे गळा झाकण्याची सवयच नसते. थोडक्यात, वीस वर्षे जो बचाव म्हणून शिकवला तोच तिथे पराभवाचा रस्ता ठरतो. हे मोडून नवे शिकवायचे तर पोरगे सोळाच्या आतच हवे.

दुसरा मुद्दा पोटाचा. आपल्या बीड जिल्ह्यातले कितीतरी आईबाप दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्या काळात पोरगे तालमीत असले की त्यांना घोर नसतो. अशा घरातल्या पोराला मी कोणती वाट दाखवावी? पाटोद्याच्या राहुल आवारेने वडिलांच्या हाताखाली सुरुवात केली, पुढे पुण्यात बिराजदार मामांच्या आणि काका पवारांच्या तालमीत घडला, २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला ५७ किलोत राष्ट्रकुलचे सुवर्ण आणले, २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेचे कांस्य आणले, आणि आज पोलीस उपअधीक्षक आहे. ही वाट चालून दाखवलेली आहे. पिंजऱ्याची वाट चालून पोलिसात साधा शिपाई झालेला एक तरी मल्ल मला दाखवा.

धारूरघाट

मला या संपूर्ण प्रकारात खेळ दिसत नाही. खाली पडलेल्या माणसाला मारू नये, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही कळते. आपण कुस्तीचे नाव त्याला जोडू नये, एवढीच विनंती.

मांजराकाठ (लातूर)

धारूरघाट, आक्षेप रास्त आहे आणि तो अमेरिकेतही घेतला गेला होता. नोव्हेंबर १९९३ मध्ये डेन्व्हरला यूएफसीची पहिली स्पर्धा झाली, तेव्हा वजनगट नव्हते आणि नियमही नावापुरतेच होते. आजचे नियम २०००च्या सुमारास न्यू जर्सीत आकाराला आले : पाच मिनिटांची फेरी, साध्या लढतीला तीन व विजेतेपदाला पाच फेऱ्या, डोक्याच्या मागे मारणे, डोळ्यांत बोट घालणे, खाली असलेल्याच्या डोक्यावर लाथ मारणे हे सर्व निषिद्ध. खालच्याला ठोसा मात्र चालतो, आणि तो ज्याला पाहवत नाही त्याने पाहू नये, यात गैर काही नाही. परंतु रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी १९७७ मध्ये बेळगावात सतपालला अस्मान दाखवले, तेव्हा लोकांना जो कस पाहायला मिळाला होता, तो कस मला खबीबच्या पकडीत दिसतो. म्हणून कुस्तीचे नाव घेतले.

गोदातीर (नांदेड)

मी डॉक्टर आहे, त्यामुळे या कारकिर्दीतल्या ज्या प्रसंगावरून मांजराकाठ यांनी एका वाक्यात उडी मारली, त्यावर थोडे सविस्तर लिहितो.

फर्ग्युसनशी मोडलेल्या पाच लढतींपैकी मार्च २०१७ची लढत मोडली ती खबीब वजन उतरवता उतरवता रुग्णालयात पोचला म्हणून. या खेळात वजन लढतीच्या आदल्या दिवशी होते. मल्ल शेवटच्या काही दिवसांत मीठ आणि पाणी तोडतो, गरम पाण्यात किंवा वाफेच्या खोलीत बसून घाम काढतो, काट्यावर ७०.३ भरतो आणि मग रात्रभर पाणी पिऊन पुन्हा जड होतो. निघून गेलेले असते ते चरबीचे वजन नव्हे, रक्तातले आणि पेशींतले पाणी. रक्त घट्ट होते, हृदयाचे ठोके बिघडू शकतात, मूत्रपिंडावर ताण येतो. एका दिवसात हे सगळे पूर्ववत होतेच असे नाही, आणि त्याच अवस्थेत माणूस डोक्यावर ठोसे खायला उभा राहतो.

खबीब कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या ज्या जिममध्ये सराव करीत असे, तिथेच त्याचा वडीलधारा सहकारी डॅनियल कॉर्मिए होता. हा २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकन फ्रीस्टाइल संघाचा कर्णधार होता, आणि वजन उतरवताना मूत्रपिंडे निकामी होऊ लागल्यामुळे एकही कुस्ती न खेळता त्याला परतावे लागले. डिसेंबर २०१५ मध्ये यांग जियानबिंग हा अवघ्या २१ वर्षांचा चिनी लढवय्या वजन उतरवण्याच्या प्रयत्नात मरण पावला, आणि त्यानंतर वन चॅम्पियनशिप या संस्थेने मल्लांच्या शरीरातील पाण्याची तपासणी सुरू केली. यूएफसीत मात्र आदल्या दिवशीचा काटा अजून तसाच आहे. विनेश फोगटचे पॅरिसमधले १०० ग्रॅम आपल्या सर्वांना पाठ आहेत. त्या आदल्या रात्री तिने शरीराचे काय केले असेल, याचा विचार फार थोड्यांनी केला.

आमच्याकडे एप्रिलच्या उन्हात, अंगात रेनकोट चढवून धावणारी मुले मी पाहतो. चक्कर, उलट्या, पायात गोळे, लघवी चहासारखी गडद, अशा अवस्थेत ती दवाखान्यात येतात, आणि बरोबर आलेला माणूस विचारतो की सलाईन लावले तर वजन किती वाढेल. खबीबची निष्ठा, शिस्त, वडिलांवरची श्रद्धा हे सर्व पोरांना जरूर सांगा. मार्च २०१७ हेही सांगा.

माळेगावच्या यात्रेत मल्ल हात वर करून आखाड्यात फिरतो, दुसरा पुढे येतो, पंच दोघांना शेजारी उभे करून अंगलट पाहतात आणि जोड लावतात. काटा नाही, पाणी तोडणे नाही. त्यात अन्याय्य जोडी लागत असेल, पण कोणाचे मूत्रपिंड जात नाही.

पाणचक्की (छत्रपती संभाजीनगर)

बिंदुसरा काकांचे पोटावर पडण्याविषयीचे निरीक्षण अगदी नेमके आहे. मी ज्युडोतून या खेळात आले आणि आता मुलींना शिकवते. कुस्तीतून येणाऱ्या मुलींची पहिली कित्येक आठवडे हीच सवय मोडावी लागते. त्यात आणखी एक भर घालते. कुस्तीगीर वर असतो तेव्हाही धोक्यात असतो, हे त्याला पटत नाही. समोरची पाठीवर पडली म्हणजे आपण जिंकलो, ही भावना इतकी खोल असते की तो हात लांब करून दाबत बसतो, आणि खालची व्यक्ती तोच हात दोन पायांमध्ये घेऊन कोपर उलटे करते. रितूच्या बाबतीत जे घडले ते याच जातीचे होते.

खबीब हे करीत नसे. त्याची कोपरे कायम स्वतःच्या अंगाशी असतात. लांब हात केला तर तो ठोशासाठीच, आणि ठोसा मारून लगेच परत. गेथजीविरुद्धचा शेवट या दृष्टीने फार सुंदर आहे. दुसऱ्या फेरीत तो छातीवर बसलेला होता, म्हणजे आपल्या हिशेबाने सर्वांत वरचढ जागी. ती जागा त्याने आपण होऊन सोडली, पाय समोरच्याच्या मानेभोवती आणि एका हाताभोवती गुंफले, आणि स्वतः पाठीवर गेला. कुस्तीगिराने विजेतेपदाच्या लढतीत मुद्दाम पाठ टेकवली! गेथजीने थाप दिली, पंचांच्या ती लगेच ध्यानात आली नाही, आणि तो क्षणभर बेशुद्धही झाला. कॉर्मिए यांनी नंतर सांगितले की हात मोडण्याचा डाव उपलब्ध होता, परंतु गेथजीचे आईवडील समोर बसलेले असल्यामुळे खबीबला ते करायचे नव्हते. धारूरघाट दादांनी ही फेरी एकदा पाहावी, असे सुचवते.

मात्र सोळाच्या आतच हवे, हे मला मान्य नाही. कॉर्मिए ऑलिंपिक कुस्ती संपल्यावर, तिशीत या खेळात आला आणि तरीही यूएफसीच्या दोन वजनगटांचा विजेता झाला. फरक एवढाच, की तो आल्यावर नवशिक्यासारखा खाली पडून मार खायला तयार होता. आपल्या गदाधारी मल्लांना तेच जड जाते. तिशीतला नामांकित पैलवान जिममध्ये येतो आणि पंचावन्न किलोची मुलगी त्याचा गळा आवळते, तेव्हा दुसऱ्या दिवशी तो येत नाही.

भारतीयांपैकी यूएफसीत पहिला विजय पूजा तोमरने मिळवला, ८ जून २०२४ रोजी लुईव्हिलला. ती उत्तर प्रदेशातल्या बुढाण्याची, आणि मूळची वुशू या चिनी युद्धकलेची, कुस्तीची नव्हे. कुस्ती एवढी पिकणाऱ्या देशातून हा मान वुशूकडे जावा, यावर तालमींनी विचार करायला हरकत नाही.

मांजराकाठ (लातूर)

पाणचक्की ताई, कॉर्मिएचे उदाहरण बिनतोड आहे. पण त्याच्यामागे अमेरिकेतल्या महाविद्यालयीन कुस्तीची व्यवस्था होती आणि सॅन होजेसारखे जिम होते. खबीबच्या मागे वडिलांची तालीम होती. इस्लाम मखाचेव्ह त्याच तालमीतून आला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच ७०.३ किलो गटाचा विजेता झाला, तेव्हा मार्गदर्शक म्हणून त्याच्या कोपऱ्यात उभा राहणारा खबीब होता. दोघांनाही एक घर मिळाले. आपल्याकडचा मल्ल एकट्याने मुंबईला किंवा बंगळुरूला जाऊन भाड्याच्या खोलीत राहतो आणि हे सर्व स्वतःच्या खर्चाने करतो, म्हणून तो टिकत नाही असे मला वाटते.

बिंदुसरा यांच्या पोटापाण्याच्या प्रश्नावरही लिहायला हवे. मॅक्ग्रेगरविरुद्धच्या लढतीसाठी खबीबचे जाहीर मानधन वीस लाख डॉलर होते. तो आकडा पाहून पोरांचे डोळे फिरतात. पण तो एक माणूस, आणि तीही सर्वांत मोठी लढत. इतर शेकडो लढवय्यांना पुरेसे मानधन मिळत नाही म्हणून अमेरिकेत वर्षानुवर्षे खटला चालला, आणि २०२५ मध्ये यूएफसीच्या मालकांनी ३७ कोटी ५० लाख डॉलर देण्याची तडजोड न्यायालयाने मंजूर केली. ही रक्कम २०१० ते २०१७ या काळात लढलेल्यांसाठी आहे. ज्या खेळात जगातल्या अव्वल मल्लांना मानधनासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते, त्याच्या भरवशावर ऊसतोड्याच्या पोराने नोकरीचा अभ्यास सोडावा, असे मी तरी म्हणणार नाही. सप्टेंबर २०२६ मध्ये जपानात होणाऱ्या आशियाई खेळांत एमएमएला पदकाच्या खेळाचा दर्जा दिलेला आहे; त्यातून पुढे काही दारे उघडली तर हिशेब बदलेल.

बिंदुसरा (बीड)

सर, ताई, आपणा दोघांचेही वाचले. गेथजीवाली फेरी रात्री पोरांना मोबाइलवर दाखवली. पाठ टेकवली तेव्हा सगळी पोरे ओरडली की हरला, आणि थाप पडल्यावर गप्प झाली. एकाने लगेच मित्रावर तो डाव करून पाहिला, तेव्हा मोबाइल काढून घ्यावा लागला.

माझे मत एवढ्याने बदललेले नाही. भरतीच्या वयाची पोरे मी या वाटेला लावणार नाही. परंतु बारा-चौदाची चार पोरे आहेत, त्यांना पाठीवर पडल्यानंतर काय करायचे ते शिकवायला हरकत दिसत नाही. त्यांच्या कुस्तीला त्याने बाधा येईल का, हे ताईंनी सांगावे.

पाणचक्की (छत्रपती संभाजीनगर)

काका, आठवड्यातून एक दिवस वेगळा ठेवला तर बाधा येत नाही, मात्र दोन्ही गोष्टी एकाच सत्रात शिकवू नयेत. सुरुवातीला ठोसे अजिबात नकोत. फक्त गळा झाकणे, कंबर सोडवणे आणि थाप दिली की तत्क्षणी सोडणे. तिसरी गोष्ट सर्वांत आधी. आपली परवानगी असेल तर मी स्वतः येऊन दाखवीन.

बिंदुसरा (बीड)

दसऱ्यानंतर या. त्याआधी माती खणून, तेल, हळद, लिंबू, ताक घालून नवी करायची आहे. हातमोजे आणू नका, आणि पोरांना मोठ्या मानधनाचे आकडे सांगू नका. गोदातीर डॉक्टरांनाही जमत असेल तर त्यांनी जरूर यावे. रेनकोटचे त्यांच्या तोंडून ऐकलेले बरे, माझे कोणी ऐकत नाही.